मानेवर दोन बोटं

सिग्नलचा खांब आणि माझं काळीज एकाच ठेक्यात चाललंय हे लक्षात आलं, तेव्हा मी ओताहुहूच्या चौकात उभी होते. रविवारची सकाळ, दुकानांची शटरं खाली, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि तो खांब मात्र आंधळ्या माणसांसाठी म्हणून ठक, ठक, ठक करतोय. रस्ता ओलांडायचा हिरवा माणूस अजून लागला नव्हता. मी सवयीनं डाव्या हाताची दोन बोटं मानेवर टेकवली, तर बोटांखाली ठक आणि खांबातही ठक. मला रागच आला. साठी ओलांडलेल्या बाईला सकाळी सकाळी लोखंडी खांबाचा राग यावा हे काही शहाणपणाचं लक्षण नाही, पण आला. आजवर बाहेरचं काहीच माझ्या ठोक्याशी जुळलेलं नव्हतं. बसचा वायपर चुकायचा, कपडे धुवायचं मशीन चुकायचं, पाळक तर प्रार्थनेत हमखास चुकायचे, आणि मी मनातल्या मनात सगळ्यांना दुरुस्त करत चालायचे. आता खांब आणि मी एका मापाचे, दोघांचेही ठोके कुणीतरी कारखान्यात लावून दिलेले. हिरवा माणूस लागला, खांब भराभरा टकटकायला लागला, मी मात्र तिथंच उभी राहिले, आणि निदान एवढ्यापुरते तरी आम्ही वेगळे झालो याचं मला बरं वाटलं. तोवर पुन्हा लाल लागला.

खांद्याला कापडी पिशवी होती आणि पिशवीत वडिलांची काठी. वीतभर लांबीची, लोखंडासारख्या जड लाकडाची, झाडाची साल कुटून केलेल्या जुन्या कापडाच्या तुकड्यात गुंडाळलेली. गेली चाळीस वर्षं मी या काठीनं नाही तर हातानंच गाणं चालवलंय, पण काठी ज्याच्याकडे त्याचा हात, असं आमच्या घरात मानतात. आज शेवटचं गीत झालं की सूचनांच्या वेळी मी ती काठी माझ्या भाचीच्या, पिसिलाच्या हातात देणार होते आणि सगळ्या चर्चसमोर सांगणार होते की तोआकासेनं, म्हणजे मी, आता बसायचं ठरवलंय. हे अजून कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणूनच तर मी लेसिएलीच्या गाडीतून आले नाही. लेसिएली माझी भावजय, गाडी चालवताना आरशातून माणसाच्या पोटातलं वाचते. मी तिला म्हटलं, हॉस्पिटलच्या पोरीनं रोज चालायला सांगितलंय. ते खरंच होतं. ती म्हणाली, "चाला हवं तर, पण वन्सं, चर्च सुरू व्हायच्या आत पोचा. तुमच्याशिवाय कुणाला तोंड उघडायची सोय नाही." माझ्याशिवाय सोय नाही, हेच तर मला आता खोटं वाटत होतं. छातीत, गळ्याच्या हाडाखाली, काडेपेटीएवढी पेसमेकर नावाची वस्तू शिवलेली. ती ठोका देणार, तो माझ्या मानेत येणार, मानेतून बोटांत, बोटांतून हातात आणि हातातून साठ माणसांच्या गळ्यात. म्हणजे गाणं कुणाचं? पुढे उभं राहून 'माझ्यामागे या' असं कुठल्या तोंडानं म्हणायचं, हे मला काही केल्या कळत नव्हतं.

वडिलांना असा प्रश्न कधी पडला नसता. हापाईत, आमच्या टोंगन बेटावर, चर्चमध्ये घड्याळ होतं, पण समुद्राच्या वाऱ्यानं त्याचे काटे गंजलेले. वडील फळ्यावर खडूनं सुरांचे आकडे लिहायचे, फळ्याकडे पाठ करायचे, दोन बोटं मानेवर ठेवायचे आणि जरा वेळ काहीच करायचे नाहीत. मग हात वर. ठोक्याला एक आकडा. "घड्याळ मिशनऱ्यांनी आणलं," ते म्हणायचे, "हे आधीपासून होतं." घरी आई आणि शेजारच्या बाया लांब ओंडक्यापाशी बसून झाडाची साल कुटून ताप नावाचं कापड करायच्या, लाकडी मोगऱ्या एकामागून एक पडायच्या, आणि दूध पिती असल्यापासून मी त्या ओंडक्याजवळ झोपत आले, असं सगळे सांगतात. कुटणं थांबलं की मी रडत उठायचे. मी सहा-सात वर्षांची असेन, माझा धाकटा भाऊ केलेपी पाचाचा. वडिलांनी एकदा दुपारी आम्हा दोघांना अंगणात समोरासमोर बसवलं आणि केलेपीची बोटं धरून माझ्या मानेवर ठेवली. "मोज," म्हणाले. केलेपीला गुदगुल्या करायचा मोह झाला, मी हसले, तोही पोटातून हसला, वडिलांनी दोघांना एकेक चापट दिली. "एक दिवस ही पुढे उभी राहील आणि तू मागे, खर्जात. तेव्हा तुला हिला हात लावता यायचा नाही. आत्ताच पाठ करून ठेव." मग कित्येक दुपारी ते तसंच. त्याची बोटं कायम चिकट असायची, आंब्यानं नाहीतर नारळानं, आणि तो ओठ हलवत मोजायचा. मला झोप यायची. तेव्हाच्या त्या झोपेएवढी चांगली झोप मला नंतर कधी लागली नाही.

मग आम्ही मोठे झालो आणि रीतीप्रमाणे वेगळे झालो. बहीण भावाहून वरची. ती खोलीत आली की भाऊ उठतो, तिच्यासमोर तो चेष्टा करत नाही, मोठ्यानं हसत नाही, तिचं दुखणंखुपणं विचारत नाही. केलेपी आणि मी आज एकाच आवारात राहतो, पुढचं घर माझं, मागचं त्याचं, आणि आमचं बोलणं लेसिएलीच्या तोंडून होतं. "बाईंना विचार, तारोचे कंद हवेत का." "त्याला सांग, दोन पुरेत." दोघांच्या मध्ये चार पावलं अंतर असतं आणि लेसिएली दोन्हीकडे मान वळवत निरोप पोचवते, तिचीच मान लचकेल एखाद दिवशी. लोकांना वाटेल हे किती कोरडं. कोरडं नाही. चर्चमध्ये मी हात वर करते तेव्हा तो माझ्या तोंडाकडे बघत नाही, फक्त हाताकडे बघतो, आणि माझा हात खाली यायला आणि त्याचा खर्ज लागायला एकच क्षण लागतो. चाळीस वर्षांत तो क्षण पुढेमागे झाला नाही. भावाकडून माणसाला आणखी काय हवं असतं?

दुसऱ्या वेळी हिरवा लागला तेव्हा मी रस्ता ओलांडला. जिथं शनिवारचा बाजार भरतो त्या मैदानाच्या कडेनं चालताना पाय आपोआप हळू झाले. इथंच पंधरवड्यापूर्वी मी पडले होते, तारो निवडता निवडता. डोळ्यांपुढं नारळाचं दूध ओतल्यासारखं सगळं पांढरं झालं आणि पुढचं आठवतं ते हॉस्पिटलचं छत. काळजाचा ठोका चुकला असं लोक उगीच म्हणतात, माझे तर निम्म्याहून जास्त चुकत होते. मिनिटाला पस्तीससुद्धा भरत नव्हते. कोवळ्या चेहऱ्याच्या डॉक्टरनं विचारलं, किती दिवस त्रास होतोय. मी म्हटलं, त्रास कसला, आज उन्हात उभी राहिले, एवढंच. तेव्हा लेसिएलीनं हातातला पंखा मिटला आणि आमच्या भाषेत म्हणाली, "वन्सं, रागावणार नसाल तर एक बोलते."

"बोल."

"आधी रागावणार नाही म्हणा."

"तू आधी बोल, मग ठरवते."

"वर्ष झालं, तुमचं गाणं रांगतंय."

एकदा बांध फुटल्यावर ती थांबेना. "आधी वाटलं सणाचं म्हणून. मग रोजचंच झालं. एकेक ओळ संपेपर्यंत पोरींचे चेहरे निळे पडतात. पाळकांनी प्रवचन निम्मं केलं, तरी घरी यायला दुपार कलते. उमूतलं, जमिनीतल्या भट्टीतलं, जेवण करपायला लागलं म्हणून मी हल्ली दगड कमी तापवते आणि जेवण उशिरा पुरते."

"आणि इतके दिवस बोलली नाहीस?"

"मी? तुम्हाला? मला सासरी राहायचंय अजून."

"बाकीचे?"

"बाकीचे अर्धे तुमचे भाचे. आत्याला कोण सांगणार? उरलेले म्हणाले, नवरा गेला तिचा, हात जड झालाय. म्हाताऱ्या म्हणाल्या, तोआकासे आता देवाच्या जवळ गेलीय, तिला घाई नाही. आणि त्या मांगेरेच्या चर्चवाल्यांनी तर आपलं बघून हीच नवी रीत समजून हळू गायला सुरुवात केली. त्यांच्यातली एक म्हातारी परवा चक्कर येऊन पडली."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. साठ माणसं वर्षभर, दर रविवारी, माझ्या अडखळत्या काळजामागून श्वास कोंडून चालत होती आणि एकानंही हूं की चूं केलं नाही. मला आधी हसू आलं, इतकं की अंगावर चिकटवलेल्या तारांनी पडद्यावर भलतंच काहीतरी काढलं आणि डॉक्टर धावत आला. मग लाज वाटली, आणि लाज अजून गेली नव्हती. मी हळूच विचारलं, "आणि तो?" लेसिएलीनं पंखा पुन्हा उघडला. "ते काय बोलणार. खर्जाच्या रांगेला पाळीपाळीनं श्वास घ्यायला शिकवलं त्यांनी, एक थांबला की दुसऱ्यानं उचलायचं. सूर मध्येच तुटला तर बाईंना कळेल म्हणाले. गॅरेजात तालीम घेत होते, तुम्ही बाजारात गेलात की." मला वाटत होतं की आमचा खर्ज या वर्षात फार मुरलाय. मी तर एकदा सगळ्यांसमोर त्यांची तारीफ केली होती, आणि केलेपी तेव्हा जमिनीकडे बघत होता.

हॉस्पिटलात तो वर आला नाही. बहीण पातळ झग्यात खाटेवर पडलेली असताना भाऊ खोलीत कसा येईल? तायमाने म्हणून एक सामोअन पोर होती, यंत्रांचं सगळं तीच बघायची, नखं गुलाबी रंगवलेली. ती एकदा येऊन म्हणाली, "मावशी, खाली गाडीतळावर एक जाडजूड टोंगन माणूस दोन दिवस गाडीत बसून आहे. रखवालदार हाकलतो, तो गोल फिरून पुन्हा येतो. तुमचा कोणी आहे का?" मी म्हटलं, "असेल." ती म्हणाली, "बोलावू?" मी म्हटलं, "नको, तो आलेलाच आहे." तिला कळलं. सामोअन असली तरी कळलं.

परवा तपासणीला गेले तेव्हाही तीच होती. माझ्या खांद्यापाशी तिनं एक चकती ठेवली, मांडीवर संगणक घेतला आणि म्हणाली, "जरा पळवून बघते हं." आणि माझं काळीज पळालं. मी खुर्चीत बसलेली, हात मांडीवर, आणि आत मात्र मी जिना चढतेय. "आता परत," ती म्हणाली आणि ते परत आलं. रग्बीत सामोअन लोकांना आम्हाला कधी असं नमवता आलं नाही, आणि इथं एका पोरीनं गुलाबी नखाचं बोट हलवलं आणि टोंगन काळीज तिच्यामागून निघालं. माझा चेहरा बघून तिनं संगणक माझ्याकडे वळवला. पडद्यावर एक रेघ धावत होती, तिच्यावर बारकी टेकाडं आणि मोठी टेकाडं. "हे बारकं बघा. काळजाच्या वरच्या बाजूला एक एवढीशी जागा असते, बोटाच्या पेराएवढी. ती आपली आपण ठोका देते, आईच्या पोटात असल्यापासून. डोकं फक्त लगाम ओढतं, सैल सोडतं. श्वास घेतला की ती जरा पुढे जाते, सोडला की जरा मागे. एकत्र गाणाऱ्या माणसांचे श्वास जुळतात, म्हणून त्यांचे ठोकेसुद्धा एकदम चढतात आणि उतरतात. ते मी शिकवायला नको तुम्हाला. तर तुमची ती जागा ठणठणीत आहे, मावशी. कधीच बिघडली नव्हती. फक्त तिचा निरोप खाली पोचत नव्हता. खालच्या मोठ्या स्नायूनं वाट पाहिली, पाहिली, आणि मग जमेल तसं आपलं आपण चालू ठेवलं."

"उलट बोलला नाही?"

"नाही बोलला."

"चांगल्या घरचा दिसतोय."

ती हसली. "हे यंत्र वरचं ऐकतं आणि खाली सांगतं. बस. तुम्ही फारच आळशी झालात तरच स्वतःहून हलतं. ठोका तुमचाच आहे." मी मान डोलावली, पण विश्वास ठेवला नाही. आजाऱ्याला बरं वाटावं म्हणून माणसं काय काय बोलतात, मीही नवऱ्याशी बोललेय. शिवाय हात खांद्याच्या वर न्यायचा नाही असंही तिनं बजावलं. मी घाबरून विचारलं, कुठला. "डावा," ती म्हणाली. गाण्याचा हात उजवा. तरी माझं समाधान झालं नाही, कारण मला हाताची भीती नव्हतीच, भीती होती ती बोटांखाली जे लागतं त्याची.

खरं तर मी यंत्रांना भिणारी बाई नाही. विमानतळाजवळच्या धुलाई कारखान्यात वर्षानुवर्षं रात्रपाळी केली. रात्रीची भट्टी, दिवसाची झोप, खिडकीला काळं कापड. डोकं म्हणायचं आता रात्र आहे, आणि पोट म्हणायचं मला उल्लू बनवू नकोस. दिवस कुठलाही असो, पाळी कुठलीही असो, हापाईत ज्या वेळी पहाटेचा लाकडी ढोल वाजायचा त्या वेळी माझे पेंगुळलेले डोळे आपोआप टक्क उघडायचे, हातात हॉटेलच्या चादरी असायच्या आणि मी गरम वाफेत उभी राहून कुणाला न सांगता गुणगुणायचे. शरीराचं असं एक घड्याळ असतं, त्याला समुद्र ओलांडल्याचं कोणी कळवत नाही. आता मागच्या दोन आठवड्यांत मला तीच जाग पुन्हा यायला लागली होती, वर्षभर मी मेल्यासारखी झोपून उठत होते ते थांबलं होतं. पाय हलके झाले होते. जिना चढून गेल्यावर लक्षात यायचं की आपण चढलो. पक्ष्यांचा आवाज जास्त येत होता. मी बरी झाले होते, फार बरी, आणि हे सुख माझं की त्या काडेपेटीचं, एवढ्या एका शंकेपायी मला ते मोकळेपणानं घेता येत नव्हतं.

चर्चच्या दारात पिसिला उभी होती, कमरेला किएकिए नावाच्या पट्ट्याच्या नव्या दोऱ्या, हातात गीतांची वही. "आत्या, चालत आलात? चेहरा किती छान दिसतोय." मी तिच्या गालाला गाल लावला आणि पिशवी काखेत घट्ट धरली. पुरुष कावा, ते मुळांचं पेय, पिऊन आले होते, खर्जाच्या रांगेत जाडजूड खांदे एकमेकांना घासत बसलेले, आणि टोकाला केलेपी. मी आत आले तसा तो उठून उभा राहिला, जमिनीकडे बघत. मी पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट बघितलं. केस पिकलेत त्याचे. हॉस्पिटलच्या गाडीतळावर दोन दिवस बसलेला माणूस डोळ्यांपुढे आला.

हॉस्पिटलनंतर आज पहिल्यांदाच मी पुढे उभी होते, आणि पहिली गीतं कशीबशी काढली. बोटं मानेवर नेलीच नाहीत. गेलं वर्ष ज्या चालीनं गेलं तीच चाल आठवून हात खालीवर केला, आणि बिचारे सगळे त्याच चालीनं चालले, खर्जवाले पाळीपाळीनं श्वास घेत. आता मला सगळं दिसत होतं. एक थांबायचा, दुसरा उचलायचा, गालांचे फुगे, पोरींच्या कपाळावरच्या शिरा. देवाच्या जवळ गेलेल्या बाईमुळे हे हाल. शेवटच्या गीताला मी उभी राहिले. वडिलांचं आवडतं गीत, समुद्र पार करून घरी येण्याचं. पिशवी पहिल्या बाकावर होती. मी स्वतःला म्हटलं, हे एवढं गीत आणि सुटलो. आणि शेवटचंच आहे तर रीतीनं व्हावं म्हणून मी डावी दोन बोटं मानेवर टेकवली. ठोका लागला, नेटका, तरतरीत, सकाळच्या खांबापेक्षा थोडा पुढे, कारण छातीत धडधड होती. सुंदर ठोका होता तो. म्हणूनच मला तो माझा वाटेना. एवढा चांगला ठोका माझ्यापाशी आता कुठून असणार? मी तो सोडून दिला आणि उजवा हात त्याच जुन्या रांगत्या चालीनं वर न्यायला लागले.

हात अजून वरच होता आणि खर्ज लागला.

एकट्याचा. केलेपीचा. माझा हात खाली येण्याची वाट न बघता, सगळ्या चर्चसमोर, बहिणीच्या हाताच्या आधी. पाळकांनी मान वर केली. लेसिएलीचा पंखा थांबला. त्याच्या शेजारच्या दोघांनी त्याच्याकडे असं पाहिलं की जणू त्यानं चर्चमध्ये टोपी घातलीय. केलेपीचे डोळे घट्ट मिटलेले होते, माझा हात दिसू नये म्हणून मिटलेले, आणि ओठ आकडे मोजत असल्यासारखे हलत होते. पहिली ओळ तो एकटा चालला, नेटका, तरतरीत. माझी डावी बोटं अजून मानेवरच होती. बोटांखाली ठोका आणि कानात खर्ज, ठोका आणि खर्ज, आणि दोघांत केसाएवढंही अंतर नव्हतं.

त्याला तारांचं काही ठाऊक नव्हतं. पडदा, टेकाडं, तायमानेची नखं, यातलं काहीच नाही. यंत्र म्हणजे काय ते त्यानं विचारलं नव्हतं, विचारू शकत नव्हता. त्याला फक्त मी ठाऊक होते, अंगणातली, चिकट बोटांखालची. ते जे त्यानं तेव्हा पाठ केलं होतं तेच तो आता म्हणत होता, आणि तेच माझ्या मानेत चाललं होतं. पोर खरं बोलत होती. वरची जागा बिघडली नव्हती. ठोका माझाच होता, वर्षभर माझाच होता, फक्त खाली पोचत नव्हता. मला इतका आनंद झाला की रडावं की हसावं कळेना, तेव्हा मी दोन्ही केलं आणि हात त्याच्यामागे सोडून दिला. हात जागेवर आला, पिसिलानं सूर उचलला, मग बायका, मग मधल्या आवाजाचे पुरुष, आणि मग साठ माणसं एकदम, दावं सोडलेल्या वासरांसारखी. मागच्या बाकांवरच्या म्हाताऱ्यांना आधी काही समजेना, दुसऱ्या कडव्याला त्यांचेही पाय आपटायला लागले. छत उडेल की काय असं वाटलं. गीत संपलं तेव्हा पाळक अजून चष्मा शोधत होते. सूचना झाल्या, मी बाकावर बसून राहिले, आणि काठी पिशवीतच राहिली.

घरी आलो तर जेवण कच्चं. लेसिएलीनं वर्षभराच्या सवयीनं उमू उशिरा पुरली होती आणि आम्ही वेळेच्या कितीतरी आधी हजर. लूची, म्हणजे तारोची, पानं अजून चिवट, डुकराचं मांस हाडाशी लाल, माती पुन्हा लोटून सगळे अंगणात बसले. पोरांच्या पोटात कावळे ओरडत होते आणि कुणीच रागावलेलं नव्हतं. पिसिला म्हणाली, "आत्या, आता पोटालासुद्धा नवी वेळ शिकवावी लागणार." मी आत, स्वयंपाकघरात, नारळ खवत बसले होते. केलेपी बाहेर भिंतीपलीकडे उमूपाशी. तो चर्चमधून निघाल्यापासून खाली मान घालून होता. थोड्या वेळानं लेसिएली दारात येऊन उभी राहिली, चेहरा गंभीर, डोळे मात्र चकाकत होते.

"वन्सं, ते म्हणतात, बाईंना सांग, आज माझ्या हातून मोठा गुन्हा झाला. आवाज निसटला. सगळ्यांसमोर अपमान झाला तुमचा. रीतीप्रमाणे चटई घेऊन माफी मागायला पाळकांना पुढे घालून येतो म्हणतात."

मी खवणीवरून हात काढला. बोटं चिकट झाली होती. "त्याला सांग, चटई घरीच असू दे. गुन्हा झाला खरा."

"आणि?"

"आणि सांग, पुढच्या रविवारी मी त्याच्या आधी सुरू करणार आहे. त्यानं मला गाठून दाखवावं."

लेसिएली वळली, तोंड उघडलं, पण निरोप पोचवायची वेळच आली नाही. भिंत पातळ होती. बाहेर केलेपी हसला. पोटातून, मोठ्यानं, रीतभात विसरून. ते हसणं मी शेवटचं ऐकलं तेव्हा मी सहा-सात वर्षांची होते आणि त्याची बोटं माझ्या मानेवर होती. मी खोबरं लागलेला हात मानेकडे नेला, आणि मग म्हटलं कशाला, आणि पुन्हा खवायला बसले.